शिकारीला जाताना जोडीला दुसरी रायफल घ्यावी का? : अनुभव धागा

शिकारीच्या मोहिमेचे सामान बांधायला घेतले की एकच रायफल पुरे, की जोडीला दुसरी न्यावी, हा प्रश्न दरवेळी उभा राहतो. जिथे परवान्याने शिकार करणे कायदेशीर आहे, अशा ठिकाणी वर्षानुवर्षे जाणाऱ्या मंडळींची याबाबतची मते ठाम आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून हा धागा काढत आहे. नुसते मत न देता ते ज्या प्रसंगामुळे बनले तो प्रसंग लिहावा, रायफलचे नेमके काय बिघडले आणि त्यानंतर काय केले हे सांगावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

डोंगर उतरताना आमचा सामानाचा घोडा घसरला आणि खोगिराला बांधलेल्या म्यानातली रायफल दगडावर आपटली. नळी सरळ होती, दस्त्याला साधा ओरखडा होता, रायफलवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीची काच शाबूत होती. तरीही जनावरावर गोळी झाडण्याआधी नेम तपासायचा हा नियम आम्ही पाळतो, म्हणून १०० मीटरवर कागद लावला. पहिली गोळी वीतभर डावीकडे गेली. दुर्बिणीची फिरकी फिरवून नेम जुळवला, तर पुढची गोळी उजवीकडे आणि त्यानंतरची वर. दुर्बिणीच्या आत नेम धरायच्या फुलीची नळी तोलून धरणारी स्प्रिंग निकामी झाली की हे असेच होते. नेम कितीही जुळवला तरी प्रत्येक दणक्यासरशी तो हलतो. मुक्कामावर माझी दुसरी रायफल होती, त्याच कॅलिबरची (म्हणजे नळीच्या त्याच मापाची), त्याच काडतुसांवर आधीच झिरो केलेली, म्हणजे नेम जुळवून ठेवलेली. तिच्या दोन गोळ्या कागदावर टाकून खात्री केली आणि मोहीम पुढे चालू राहिली. दुसरी रायफल न्यावी, असे माझे मत त्या दिवसापासून आहे. मात्र ती पहिलीइतकीच सरावातली असली पाहिजे, ही अट मी कधीही सोडणार नाही, कारण अनोळखी हत्याराने जनावर जखमी करून सोडणे हे रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

*

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. कडाक्याच्या थंडीत, पारा उणे २५ अंशांच्या आसपास असताना, चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ असा मंद आवाज आला. काडतूस बाहेर काढून पाहिले, तर त्याच्या बुडाच्या टोपीवर फायरिंग पिनची, म्हणजे टोपीवर आघात करून दारू पेटवणाऱ्या सुईची, जेमतेम खूण उमटली होती. सोबतची दुसरी रायफल घेतली, तिचेही तेच झाले. कारण उघड होते: दोन्ही बोल्टमध्ये (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा, पिन ज्यात असते तो सरकता दांडा) एकाच बाटलीतले तेल होते, आणि ते गारठून इतके घट्ट झाले होते की पिनचा वेगच मेला होता. मुक्कामावर बोल्ट उघडून आतले तेल पूर्णपणे धुऊन काढले आणि ते कोरडेच वापरले, तेव्हा दोन्ही रायफली व्यवस्थित चालल्या. जोडीची रायफल अपघाती मोडतोडीवर उपाय आहे, पण बिघाडाचे कारण दोघींत समान असेल तर दोन काय आणि चार काय, सगळ्या एकदमच दगा देतात. त्याच मोहिमेत वाटाड्याने शिकवलेली आणखी एक गोष्ट आम्ही आता कटाक्षाने पाळतो. रायफल रात्री उबदार खोलीत आणायची नाही, बाहेरच सुरक्षित कुलपात ठेवायची. ऊब लागली की धातूवर दव धरते आणि सकाळी बाहेर नेल्यावर त्याचा बर्फ होतो.

*

विमानप्रवास करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. माझ्या दोन्ही रायफली एकाच कुलूपबंद पेटीत होत्या आणि ती पेटीच वेळेवर पोहोचली नाही. दुसरी रायफल नेल्याचा उपयोग शून्य झाला. त्यात काडतुसांच्या वजनावर बहुतेक विमान कंपन्यांची माणशी ५ किलोंची मर्यादा असते, त्यामुळे दोन वेगळ्या कॅलिबरच्या रायफली नेल्या तर दोन्हींच्या वाट्याला अपुरी काडतुसे येतात. शिवाय तात्पुरत्या आयातीच्या परवान्यावर प्रत्येक रायफलचा क्रमांक नोंदवावा लागतो आणि तपासणीला तितका वेळ जास्त जातो. आता मी एकच नेतो आणि आपली पोहोचली नाही तर तिथे भाड्याने कोणती मिळेल, तिच्यावर कोणती दुर्बीण आहे, काडतूस कोणते लागते, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घेतो.

*

वरच्या अनुभवातला भाड्याचा मार्ग माझ्यासारख्या डावखुऱ्यांना जवळजवळ बंद असतो. भाड्याने मिळणाऱ्या रायफलचा बोल्ट उजव्या बाजूलाच असतो. डाव्या खांद्यावरून ती चालवायची म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हात नळीवरून पलीकडे न्यायचा, आणि तेवढ्यात जनावर झाडीत दिसेनासे होते. माझ्या पत्नीची अडचण निराळी: तिचे हात आखूड असल्याने प्रमाण मापाचा दस्ता तिला लांब पडतो, डोळा दुर्बिणीपासून योग्य अंतरावर येत नाही आणि ती मान ताणून नेम धरते. अशा स्थितीत जोरकस दणक्याची रायफल उडवली तर दुर्बिणीची कड भुवईवर येऊन आदळते. ज्यांच्या अंगाला बाजारातली कोणतीही रायफल बसते त्यांनी एकच न्यावी, हे मला मान्य आहे. आम्ही दोघे मात्र आपापली दुसरी घेतल्याशिवाय निघत नाही.

*

मी पाठीवर तंबू घेऊन उंच डोंगरात जातो. दुर्बिणीसह रायफलचे वजन चार किलोंच्या घरात जाते, आणि तेवढे जास्तीचे वजन उचलायचे तर अन्न किंवा पांघरूण कमी करावे लागते, जे त्या उंचीवर परवडत नाही. म्हणून दुसरी रायफल कधीच नाही. त्याऐवजी खिशात मावेल अशी पुरचुंडी नेतो: दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू आवळायची किल्ली, जास्तीचे मॅगझिन, नळी साफ करायची दोरी आणि विजेच्या कामाची चिकटपट्टी. ही पट्टी नळीच्या तोंडावर लावली की चिखल, बर्फ, पाणी आत जात नाही. ती काढायला विसरलो तर काय, असे नवखे विचारतात. गोळीच्या पुढे दाबली जाणारी हवाच ती पट्टी आधी उडवून देते, नेमावर फरक पडत नाही. रायफलवर साधी लोखंडी माशीही (दुर्बिणीशिवाय नेम धरायची नळीवरची खूण) ठेवली आहे. दुर्बीण फुटली तर ती काढून माशीवर जवळची शिकार करता येते, अर्थात माशीचा नेमही आधी घरी तपासलेला असला तर.

*

दोन रायफली नेणाऱ्यांनी काडतुसांची सरमिसळ टाळावी, एवढेच सांगण्यासाठी लिहीत आहे. आमच्या गाडीत एक .३०-०६ आणि एक .३०८ अशा दोन रायफली होत्या. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, पण एकीचे कवच ६३ मिलिमीटरचे आणि दुसरीचे ५१. पहाटेच्या अंधारात सोबत्याने लांब कक्षेच्या (काडतूस बसते ती नळीतली जागा) .३०-०६ रायफलमध्ये .३०८ चे आखूड काडतूस भरले. ते आत गेले, बोल्टही बंद झाला, आणि गोळी सुटल्यावर कवच मानेपासून फाटलेले बाहेर आले. चष्मा डोळ्यावर होता आणि इजा झाली नाही, पण मी ते फाटलेले कवच हातात धरले तेव्हा आमच्यापैकी कोणालाच बोलवेना. छऱ्याच्या बंदुकांत हा धोका आणखी भयंकर आहे (गेज हे तिथले नळीचे माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद): २० गेजचे काडतूस १२ गेजच्या नळीत पुढे सरकून अडकते, मागे जागा रिकामी दिसते, त्यात १२ गेजचे भरून उडवले की नळी फुटते. २० गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. जोडीची रायफल न्यायची तर ती त्याच काडतुसाची न्यावी, किंवा दोन्हींचे पट्टे वेगवेगळ्या माणसांच्या कमरेला असावेत.

*

त्याच काडतुसाची न्यावी हे बरोबर आहे, पण वापरलेली कवचे पुन्हा भरून स्वतः काडतुसे बनवणाऱ्यांनी एवढ्यावर निर्धास्त राहू नये. एका रायफलमध्ये उडवलेल्या कवचाची फक्त मान आवळून पुन्हा भरलेले काडतूस त्याच कॅलिबरच्या दुसऱ्या रायफलमध्ये शिरेलच असे नाही, कारण प्रत्येक कक्षेचे माप केसभर निराळे असते. कवच पूर्ण लांबीने आवळून घ्यावे आणि प्रत्येक काडतूस निघण्यापूर्वी दोन्ही रायफलींत, सुरक्षित जागी, घालून पाहावे.

*

मी शिकाऱ्यांना वाटाड्या म्हणून घेऊन जातो, त्यामुळे इतरांच्या रायफली बिघडताना बऱ्याच पाहिल्या आहेत. फायरिंग पिन तुटणे, नळी निकामी होणे हे क्वचित. दुर्बीण आणि तिचे ढिले पडलेले स्क्रू हे नेहमीचे. मॅगझिन ओढा ओलांडताना पडते. लाकडी दस्ता सलग पावसात फुगून नळीला टेकतो आणि नेम सरकतो. आणि प्रवासात बोल्ट काढून वेगळा ठेवण्याच्या पद्धतीमुळे तो घरच्या तिजोरीतच राहिलेले पाहुणेही आले आहेत. यातल्या बहुतेक प्रसंगी अख्खी रायफल लागत नाही. कड्यांसहित आधीच झिरो केलेली दुसरी दुर्बीण पुष्कळ वेळा पुरते.

तरीही चौघांच्या गटामागे एक जोड रायफल मुक्कामावर असावी, असे मी पाहुण्यांना सांगतो. प्रत्येकाने आल्या दिवशी तिच्यातून कागदावर गोळ्या टाकाव्यात आणि ती कोणाच्या हाती कुठे बसते ते लिहून ठेवावे, कारण एकाच झिरोवर दोन माणसांच्या गोळ्या नेहमी एका जागी पडत नाहीत. दुसऱ्याच्या नावावरची रायफल हाताळायला तिथला कायदा परवानगी देतो का, हे मात्र आधी पाहावे लागते. काही ठिकाणी परवानाधारक शेजारी असला तरच चालते. ती रायफल दिवसभर गाडीत ठेवायची वेळ आली तर बोल्ट काढून खिशात ठेवावा आणि रायफल पेटीत, कुलूप लावून.