मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमन: पंप, एपिड्युरल की ठरावीक वेळेची इंजेक्शने?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): सासूबाईंच्या कमरेचे मणके स्क्रू बसवून जोडण्याची शस्त्रक्रिया येथेच होणार असून, नंतरच्या वेदनांसाठी बटणाचा पंप, पाठीतील एपिड्युरल नळी आणि ठरावीक वेळेची इंजेक्शने असे तीन पर्याय सांगितले आहेत. यांत फरक काय?

उत्तर (भूलतज्ज्ञ, ताराबाई पार्क): पंपात बहुधा मॉर्फिन किंवा फेंटानिल हे अफूवर्गीय तीव्र वेदनाशामक असते. रुग्णाने बटण दाबले की लहान मात्रा शिरेत जाते आणि पुढची साधारण ५ ते १० मिनिटे पंप दुसरी मात्रा देत नाही. शिवाय गुंगी आलेला रुग्ण सहसा बटण दाबत नाही, हीच त्यातील मोठी सुरक्षितता आहे. म्हणूनच नातेवाइकांनी प्रेमापोटीही ते दाबू नये, कारण त्याने श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. एपिड्युरलने, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळीतून औषध दिल्याने, वेदना चांगल्या शमतात. परंतु पाय बधिर झाल्यास ते औषधामुळे की मज्जातंतूंवरील दाबामुळे, हे ओळखणे अवघड होते.

उत्तर (परिचारिका, कसबा बावडा): पॅरासिटामॉल वेदना वाढण्याची वाट न पाहता वेळेवर दिल्यास मॉर्फिन कमी लागते. घरच्या वेदनाशामक गोळ्या मात्र परस्पर देऊ नका. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून तिचे औषध सुरुवातीपासूनच मागून घ्या.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. सासूबाईंची बोटे संधिवाताने वाकलेली आहेत.

भूलतज्ज्ञ: मग हे आधीच सांगा आणि पंपाचे बटण त्यांच्या हातात देऊन पाहा, ते दाबता येत नसेल, तर परिचारिकेने वेळेवर दिलेली इंजेक्शने अधिक योग्य ठरतील.