सगळे सल्लागार एका माळेचे मणी नव्हेत

"सल्लागार येतो, रिसॉर्टवर दोन दिवस फुगे फुगवायला लावतो आणि बिल लावून जातो," अशी कंपन्यांच्या व्यवस्थापन सल्लागारांबद्दल तक्रार असते, ती पटते. पण अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंगही सल्लागारच होते. १९५० साली त्यांनी जपानी कारखानदारांना व्याख्यानं दिली. पुढे व्यवस्थापकांसाठी चौदा मुद्दे मांडले, त्यातला आठवा सरळ आहे: कामाच्या जागेतली भीती घालवा. माणसांना दरवर्षी क्रमांक लावण्याच्या ते पक्के विरोधात. त्यांच्या मते बहुतेक दोष पद्धतीचे असतात, आणि पद्धत बदलणं हे साहेबाचं काम.

आमच्या जुन्या कंपनीत (नाव नको) रिजेक्शनचा, म्हणजे सदोष पीस टाकायचा, लाल क्रेट असायचा. शिफ्ट संपताना त्यातले दोन-चार पीस गुपचूप भंगारात जायचे, कारण सकाळच्या मीटिंगला पहिला प्रश्न, "कुणी केलं हे?" नवे प्लांट हेड आले ते विचारायचे, "मशीनला काय झालं होतं?" महिनाभरात क्रेट ओसंडायला लागला. हेड ऑफिसला वाटलं, साहेबांनी माणसं बिघडवली! प्रत्यक्षात आकडे तेव्हा कुठे खरे यायला लागले होते. शेवटी फिक्श्चरची (मशीनवर पीस पकडून ठेवणाऱ्या साधनाची) एक पिन झिजलेली निघाली. ऑपरेटरला ते आधीपासून माहीत होतं.