सीबॅम: भोसरीतल्या बोल्टवर २०२६ पासून नेमका किती भार?

भोसरी_७३१८
भोसरी एमआयडीसीतलं हाय टेन्साइल बोल्टचं युनिट. कस्टम्सच्या ७३१८ हेडिंगखाली जर्मनीला वर्षाला साधारण ३०० टन माल जातो. वायर रॉड दोन मिल्सचा, थोडा डीलरकडून. हीट ट्रीटमेंटची भट्टी एलपीजीवर. आता युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या उत्पादनातल्या कार्बनवरचा आकार, लागतोय. ग्राहक म्हणतो, उत्सर्जनाचे आकडे द्या, नाहीतर डिफॉल्ट (नियमातले ठरावीक आकडे) लावून तो खर्च तुमच्या दरातून कापू. कन्सल्टंटचं म्हणणं, पहिल्या वर्षी अडीच टक्केच भार आहे आणि छतावर सोलर टाकलं की तोही उतरेल. हे खरं आहे का? आणि पैसा आधी कुठे घालावा?

टन_हिशेब
अडीच टक्क्यांची गोष्ट सगळीकडे फिरतेय आणि तिथेच लोक फसतायत. अडीच टक्के म्हणजे युरोपातल्या कारखान्यांना मिळणाऱ्या उत्सर्जनाच्या मोफत परवान्यांत २०२६ साली होणारी कपात. तुमच्या उत्सर्जनाचे अडीच टक्के नव्हेत. हिशेब असा: मालातलं एकूण उत्सर्जन, वजा बेंचमार्कचे (ज्या उत्सर्जन-पातळीवर ते मोफत परवाने ठरतात तिचे) ९७.५ टक्के. उरेल तेवढी सर्टिफिकेटं, टनाला एक, आयातदाराला घ्यावी लागतात.

आकडे घालून बघा. वायर रॉड ब्लास्ट फर्नेसचा, टनामागे २.५ टन सीओटू. एक टन बोल्टला १.०८ टन वायर लागते, म्हणजे २.७ टन सीओटू. बेंचमार्क उदाहरणापुरता १.४ धरू, त्याचे ९७.५ टक्के १.३६५. फरक १.३३५ टन. सर्टिफिकेट ७५ युरोचं धरलं तर टनामागे साधारण १०० युरो, ३०० टनांना ३०,००० युरो. कन्सल्टंटच्या पद्धतीने हेच टनामागे ५ युरो येतात. बेंचमार्कच्या वर जे काही आहे ते पहिल्या वर्षापासून पूर्ण भरायचं आहे, टप्प्याटप्प्याने नाही.

पुढे कपात २०२७ साली ५, २०२८ साली १०, २०३० साली ४८.५ आणि २०३४ साली १०० टक्के होते. म्हणजे आज बेंचमार्कच्या आसपास असलेल्यालाही २०३० नंतर झळ बसणारच.

फोर्ज_शॉप
सोलरबद्दल. पोलाद आणि ॲल्युमिनियमसाठी सीबॅममध्ये फक्त थेट उत्सर्जनावर पैसे लागतात. विजेचं उत्सर्जन सिमेंट आणि खतांसाठी मोजतात. छतावरचं सोलर वीजबिल उतरवेल, सीबॅम एका पैशाने नाही. बिलासाठी खुशाल टाका.

एलपीजीचंही फार मनावर घेऊ नका. टनभर बोल्टला ४० किलो गॅस धरला तरी ०.१२ टनच होतं. त्यात २०२५च्या सुधारणेत, युरोपात वेगळ्या युनिटमध्ये होणारी आणि तिथल्या ईटीएसखाली (कार्बन-परवान्यांच्या व्यवस्थेखाली) न येणारी फिनिशिंगची बरीचशी कामं हिशेबाबाहेर काढली आहेत.

तुमच्या हातातली गोष्ट म्हणजे यील्ड, घेतलेल्या पोलादातून निघणारा चांगला माल. कारखान्यात निघालेल्या स्क्रॅपवर उत्सर्जन टाकता येत नाही, सगळं चांगल्या मालाच्या डोक्यावर बसतं. बोल्टला वाव कमी आहे, पण ७३२६ मधल्या फोर्जिंगवाल्यांनी फ्लॅश (डायबाहेर निघणारं जादा पोलाद) मोजावा: टनाला १.४ टन बार लागत असेल आणि डाय सुधारून तो १.३ वर आला, तर २.५ टन सीओटूच्या पोलादाला टनामागे पाव टन सीओटू कमी. शिवाय पोलादाची बचत वेगळी.

निर्यात_कागद
पैसा आधी खरेदीत घाला, यंत्रात नाही. मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर (पोलादाच्या एका वितळणीचा नंबर) असतो, केमिस्ट्री असते, उत्सर्जन नसतं. मिलकडून त्या विशिष्ट प्लांटचा आकडा घ्या, आणि तोही मान्यताप्राप्त व्हेरिफायरने तपासलेला. कंपनीच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टमधली सरासरी चालत नाही. ‘ग्रीन स्टील’चे स्टारही इथे चालत नाहीत: पोलाद मंत्रालयाच्या डिसेंबर २०२४ च्या वर्गीकरणात पोलादाच्या टनामागे २.२ टन सीओटूची मर्यादा आहे, पण त्यात वीजही धरलेली आहे.

डीलरच्या मालाला उगम नाही, म्हणून त्याला डिफॉल्ट. डिफॉल्टवर २०२६ साली १०, २०२७ साली २० आणि नंतर ३० टक्के वाढीव. युरोपचा माल निदान वेगळ्या रॅकवर, हीटनुसार ठेवा. दोन्ही मिल्सची कॉइल एकाच रूटकार्डवर (लॉटसोबत फिरणाऱ्या कामाच्या कार्डावर) चढली की व्हेरिफायर समोर असताना ती वेगळी काढता येत नाही.

५० टनांची सूट आहे, पण ती आयातदाराच्या वर्षभराच्या एकूण मालावर. तुम्ही ४० टन पाठवले आणि त्याने तुर्कस्तानातून २० आणले, तर सूट संपली.

भोसरी_७३१८
स्क्रॅप-ईएएफचा (विजेच्या भट्टीत भंगार वितळवून केलेला) रॉड घेतला तर बेंचमार्कच्या खाली जाऊन शून्य होईल का? आणि आपला कार्बन बाजार सुरू झाल्यावर वजावट मिळेल ना?

टन_हिशेब
शून्य गृहीत धरू नका, स्क्रॅप-ईएएफचा बेंचमार्कही बराच खाली आहे. तरी उत्सर्जनाचा मूळ आकडाच लहान असल्याने युरोत बचत मोठी होते. ग्रेड १०.९ च्या जास्त ताकदीच्या बोल्टला ट्रॅम्प एलिमेंट (भंगारातून येणारी नको ती मूलद्रव्यं), मुख्यतः तांबं, आधी तपासून घ्या, नाहीतर बोल्टचं डोकं ठोकताना चिरा येतील.

धोरण_पाहणारा
वजावट प्रत्यक्ष भरलेल्या कार्बन किमतीचीच मिळते. आपली सीसीटीएस (कार्बन क्रेडिट व्यापार योजना) टनामागच्या उत्सर्जन-तीव्रतेवर चालते. लक्ष्य गाठणाऱ्या कारखान्याला काही भरावं लागत नाही, मग वजावट कसली? सगळ्या टनांवर किंमत लावली तर पैसा भारतात राहील आणि तो छोट्या भट्ट्या बदलायला वापरता येईल. पण मग देशांतर्गत पोलादही महागेल, आणि तो बोजा पुण्यातल्या ज्या युनिट्सची निर्यातच नाही त्यांच्यावरही येईल. १९९२ साली रिओत ‘समान पण भिन्न जबाबदारी’ मान्य झाली होती. सीबॅम टनाकडे बघतो, देशाच्या दरडोई उत्सर्जनाकडे नाही. भारताचा आक्षेप त्यावर आहे आणि तो रास्त आहे. पण तो आक्षेप तुमच्या इन्व्हॉइसवरचे १०० युरो कमी करत नाही.

निर्यात_कागद
एक राहिलं. आकडे जानेवारी ते डिसेंबरचे लागतात, आपली वही एप्रिल-मार्चची. वायरचा साठा ३१ डिसेंबरला मोजून ठेवा. २०२६ च्या मालाचं आयातदाराचं विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत जायचं आहे, पण तो तुमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी मागेल. ब्रिटनला माल जात असेल तर त्यांचा स्वतंत्र सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून आहे.