फीच्या पावतीतला तो विमा कोणी वापरलाय का?

करवंद_रत्नागिरी
मी टीवायला आहे, रत्नागिरीत रूमवर राहतो, घर राजापूरकडे. रूममेट जुलैत लावणीला गावी गेलेला, आला तो ताप घेऊनच. दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले, तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, मग धावाधाव. लेप्टो (शेतातल्या घाण पाण्यातून होणारा ताप) निघाला. पाच दिवस खासगीत, बिल ४१ हजार, त्याच्या बाबांनी पतपेढीतून उचलले. आता तो बराय. पण काल मी स्कॉलरशिपसाठी फीची पावती शोधत होतो तर जिमखाना आणि ओळखपत्र यांच्या मधे बारीक अक्षरात 'विद्यार्थी विमा ४०' अशी ओळ!! तीन वर्षं भरतोय आणि आज कळतंय. वर्गात विचारलं तर एक जण म्हणे लायब्ररीच्या पुस्तकांचा असेल 😄 याचा क्लेम आता होईल का?

मालवणी_भूत
चाळीस रुपयात लेप्टो खंय बसतलो रे! चाळीसात वडापाव आणि चाय येता.
मस्करी सोड, मी वापरलाय. आंबोली घाटात बाइक घसरून हात मोडला होता, आमच्या सरांनी स्वतःहून सांगितलं म्हणून अर्ज केला, नाहीतर मला तरी कुठे माहीत होतं. साडेतीन महिन्यांनी पैसे आले, पण सगळी बिलं ओरिजिनल मागतात, आणि मेडिकलची एक पावती पावसात भिजून शाई पसरलेली ती धरलीच नाही. १९०० गेले.

ऑफिसातली_ताई
मी कॉलेजच्या ऑफिसात आहे म्हणून सांगते. आमच्याकडची पॉलिसी फक्त अपघाताची आहे, आजार त्यात नाही. तुमच्याकडे वेगळं असू शकतं, पॉलिसीची प्रत मागून बघ, द्यायला हवी. ग्रुप पॉलिसी कॉलेजच्या नावावर असते, मुलांच्या हातात कागदच येत नाही, मग कळणार कसं. तशी नोटीस लावतो हो आम्ही, जिन्याखालच्या बोर्डावर, पण तिथे सगळे टाइमटेबल तेवढं बघतात. पाच वर्षांत माझ्या टेबलावर अर्ज आले तीन.
लेप्टोसारख्याला खरं बघायचं ते रेशन कार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही चालते. फक्त हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे आणि आजार त्यांच्या यादीत बसला पाहिजे. ॲडमिट होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला गाठायचं, कारण हे कॅशलेस आहे, आधी पैसे भरून मागाहून बिलं दिली तर काही मिळत नाही. म्हणजे तुझ्या मित्राचे ४१ हजार आता गेलेच. वाईट वाटतं लिहायला.

लाल_डबा
ताईंना +१. शिवाय घरी कोणाची फॅमिली पॉलिसी आहे का ते बघ, बऱ्याच पॉलिसींत शिकणारी अविवाहित मुलं २५ वर्षांपर्यंत चालतात. माझं नाव बाबांच्या पॉलिसीत होतं हे मला डेंग्यू झाल्यावर कळलं, तेही आत्याकडून 🙏 आणि बँकेचा तो २० रुपयेवाला सुरक्षा विमा, वर्षाला २० भरून २ लाखांपर्यंतचा, १८ पूर्ण असेल तर घेऊन टाक, पण तोही अपघाताचाच, तापाला उपयोग नाही.

करवंद_रत्नागिरी
ताई धन्यवाद, उद्या ऑफिसात प्रत मागतो. रूममेटला विचारलं तर म्हणे बहिणीचं लग्न झाल्यावर रेशन कार्डातून तिचं नाव कमी करायला गेले तेव्हा त्याचंही उडालंय, कोणी बघितलंच नाही. मग मी आईकडून आमच्या कार्डाचा फोटो मागवला. माझं नाव आहे, पण पुढे वय ४ लिहिलंय. चालेल ना??

ऑफिसातली_ताई
तुझं चालेल, कार्ड काढलं तेव्हाचं वय असतं ते, सोबत आधार ठेव. मित्राला मात्र तहसीलच्या पुरवठा शाखेत पाठव, आणि हे काम गणपतीच्या आधी उरक, नंतर पंधरा दिवस कोणी जागेवर भेटत नाही.

मालवणी_भूत
वय ४ आणि टीवायला 😂 हुशार आसा झिल.