'दुनियादारी'चा श्रेयस आणि उद्याचा पांडुरंग : पात्र कशावरून निवडावे?

केळीबाग (जळगाव)

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' ही पुण्यातल्या कॉलेजच्या कट्ट्यावरच्या मित्रांची कादंबरी १९८२ साली आली. मी ती वाचली तेव्हा तिला वीस वर्षे होत आली होती, आणि आमच्या जळगावच्या वसतिगृहात कॉलेजच्या ग्रंथालयातली तिची एकच प्रत हातोहात फिरत होती. मुखपृष्ठ केव्हाच निघून गेले होते, वरून खाकी कागद चढवलेला होता आणि मधल्या एका पानावर भरिताच्या तेलाचा पिवळा डाग पार पलीकडच्या पानापर्यंत उतरला होता. त्या प्रतीच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने आपली पात्रनिवड करून ठेवली होती. दिग्याच्या नावापुढे खोली क्रमांक चौदामधल्या चोपड्याच्या दादाचे नाव होते, साईपुढे मेसच्या बिलावरून रोज भांडणाऱ्या एका मुलाचे, आणि श्रेयसपुढे अमळनेरहून आलेल्या एका काटकुळ्या मुलाचे, ज्याला पहिले दोन महिने कोणाशी धड बोलताही येत नव्हते.

संजय जाधव यांचा चित्रपट जुलै २०१३मध्ये आला, तेव्हा आम्ही जुने चार-पाच जण ठरवून एकत्र गेलो. त्यात श्रेयस झालेले स्वप्नील जोशी हे चांगले नट आहेत, त्याविषयी माझा वाद नाही. पण पस्तिशीतला, कॅमेऱ्यापुढे लहानपणापासून वावरलेला माणूस कट्ट्यावर पहिल्यांदा येऊन बावरतो हे माझ्या मनाला शेवटपर्यंत पटले नाही. वय ही मेकअपने झाकण्याची बाब नाही, कारण या कादंबरीचा विषयच ते वय आहे. तुम्हाला काय वाटते?

पांझरेकाठी (धुळे)

भाऊ, तुमच्या खाकी कागदाच्या प्रतीबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो, की अंकुश चौधरी यांच्या दिग्याबद्दल तुम्ही अवाक्षर का काढले नाही? तेही काही स्वप्नील जोशींपेक्षा लहान नाहीत. दोघेही चित्रपटात कॉलेजकुमार आहेत. एकाचे वय खटकते आणि दुसऱ्याच्या प्रवेशाला शिट्ट्या पडतात, याचा अर्थ तक्रार वयाची नाही. तुमच्या डोळ्यांसमोर अमळनेरचा मुलगा बसला आहे आणि त्याच्या जागी कोणीही आले असते तरी तुम्ही नाक मुरडले असते.

दुसरे असे, की कादंबरी न वाचलेल्या माणसासाठीही चित्रपट काढावा लागतो. धुळ्याच्या चित्रपटगृहात मराठी चित्रपटाला दुसऱ्या आठवड्यात पाटी टिकवायची तर पोस्टरवर ओळखीचा चेहरा लागतो, हे तिकीटखिडकीवर उभे राहिलेल्या कोणालाही कळते. माझ्या भाच्याने आधी चित्रपट पाहिला आणि मग माझ्याकडे कादंबरी मागितली. आमच्या पिढीची प्रत ग्रंथालयातून आली, त्याची स्वप्नील जोशींकडून आली, इतकाच काय तो फरक.

केळीबाग (जळगाव)

अंकुश चौधरींचा मुद्दा बिनतोड आहे, आणि खरे सांगायचे तर मी त्यावर दोन दिवस विचार केला. मला आता असे वाटते, की दिग्या हा मुळातच आपल्या वयापेक्षा थोर झालेला माणूस आहे. कट्टा त्याचा आहे, सगळ्यांची भांडणे तो अंगावर घेतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर चार-दोन वर्षे जास्तीची दिसली तर ती त्याच्या दादागिरीत जिरून जातात. श्रेयसचे तसे नाही. तो नवखा आहे, एम. के. श्रोत्रींसमोर बसतो तेव्हा समोरच्या माणसाला आपल्या आईविषयी काय माहीत आहे याची त्याला कल्पना नसते. संदीप कुलकर्णींच्या एम. के.समोर खरेच अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा बसला असता तर तो प्रसंग किती वेगळा झाला असता!

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वरून सुजय डहाके यांनी चित्रपट केला, तेव्हा मुकुंद आणि शिरोडकर खरोखर कोवळ्या वयाचे निवडले: अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर. तिकडे कोणी म्हणाले नाही, की पोस्टरवर ओळखीचा चेहरा हवा होता.

अनेरकाठ (शिरपूर)

वयाचा वाद दोघांनी मिटवावा. माझी भीती निराळी आहे. पुण्याच्या कट्ट्यावरची कादंबरी होती म्हणून बोलण्याचा प्रश्न आला नाही. उद्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर पडद्यावर दिसेल तेव्हा आपण काय करणार आहोत? खानदेशी माणूस दाखवायचा म्हटले, की अहिराणीतल्या 'शे' (आहे) आणि 'मना भो' (माझ्या भावा) एवढ्या दोन शब्दांवर काम भागवायचे आणि त्याला विनोदी करून टाकायचे, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे. माझे स्पष्ट मत आहे, की पांडुरंग अहिराणी मातृभाषा असलेल्या नटानेच करावा, मग त्याचे नाव कोणी ऐकलेले नसले तरी चालेल. रिंकू राजगुरू अकलूजच्या शाळेतली मुलगी होती, नाव कोणाला माहीत नव्हते, आणि २०१६मध्ये 'सैराट'मधली तिची बोली आपल्या शिरपुरातही न अडखळता समजली.

लिंबाखालचा_ओटा (यावल)

अनेरकाठ दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही नेमकी तीच चूक करत आहात जिची तुम्हाला भीती वाटते. पांडुरंगाची सांगवी आमच्या बाजूची. यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात पाटलाच्या घरात अहिराणी नाही, लेवा गणबोली बोलली जाते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या ज्या बोलीत आहेत ती. आमच्या आजीच्या तोंडी 'शे' घातले असते तर तिने आधी हसून घेतले असते आणि मग, पाहुणा कोणत्या गावचा, असे विचारले असते. अमळनेर-शिरपूरच्या कानाला हा फरक लहान वाटेल, पण कादंबरी १९६३पासून ज्यांच्या घरात आहे त्यांना तो पहिल्याच संवादात कळेल.

आणि तरीही मी यावलचाच नट हवा असे म्हणणार नाही. पांडुरंग पुण्यात शिकून, तिथे फसून परत आलेला आहे. तो आपली गोष्ट सांगतो ती बोलीत नव्हे. बोली मुख्यतः त्याच्या घरातल्या माणसांची आहे. त्यामुळे ज्याच्या तोंडी दोन्ही बोलणी आहेत आणि घरात पाऊल टाकताना ज्याचा सूर आपोआप बदलतो असा नट हवा. बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या प्रसंगात तो कोणत्या सुरात बोलतो, एवढी एकच परीक्षा मी घेईन. सुट्टीत पुण्याहून गावी येणाऱ्या माझ्या मुलाचा सूर भुसावळ स्थानकावर उतरून रिक्षावाल्याशी बोलतानाच बदललेला असतो. तो बदल शिकवून येतो का, याची मला शंका आहे.

पांझरेकाठी (धुळे)

शिकवून येतो, आणि त्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा हा कोल्हापूरकडचा मजूर. रवी जाधव यांनी अतुल कुलकर्णींना घेतले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती आणि शेतमजुराची कसलीही ओळख त्यांच्या चेहऱ्याला चिकटलेली नव्हती. त्यांनी आधी पैलवानासारखे अंग कमावले, मग तमाशातल्या नाच्यासाठी ते उतरवले, आणि चालण्या-बोलण्यासकट माणूस बदलून दाखवला. जन्मदाखला आणि मातृभाषा तपासून पात्रे निवडायची ठरवली असती तर तो गुणा आपल्याला मिळालाच नसता. गावचा नट घ्यावा, अवश्य घ्यावा, पण तो गावचा आहे म्हणून नव्हे.

केळीबाग (जळगाव)

गुणाच्या बाबतीत मी निरुत्तर आहे. श्रेयसच्या बाबतीत नाही, कारण गुणाचे काम अंगाने करायचे होते आणि श्रेयसचे न कळण्याने. जे एकदा कळलेले आहे ते न कळल्यासारखे करणे मला वजन उतरवण्यापेक्षा कठीण वाटते.

मात्र पांझरेकाठी यांनी माझ्यावर जो आरोप केला आहे, त्याचा निकाल मी त्या अमळनेरच्या मुलाकडूनच घेऊन आलो. तो आता भुसावळला एका बँकेत आहे, पोट सुटले आहे, आणि २०१३मध्ये चित्रपटाला आमच्यासोबत तोही होता. काल फोन करून त्याला विचारले, की तुझी भूमिका तुला कशी वाटली होती. तो म्हणाला, ''मला तर स्वप्नील जोशी आवडला बुवा. मी असा कुठे बोलत होतो त्या वेळी!''

पांझरेकाठी (धुळे)

त्यांना आमचा नमस्कार सांगा, आणि ग्रंथालयातली ती प्रत परत केली होती की नाही, तेही विचारा.