मदत हवी आहे: ‘एक होता विदूषक’ची चांगली डीव्हीडी कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी,

लक्ष्मीकांत बेर्डे म्हटलं की ‘धूमधडाका’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ आमच्याकडच्या पोट्ट्यांनाही तोंडपाठ. जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ (१९९२) मात्र गावात फारसा कुणी पाहिलेला नाही. मला त्याची अधिकृत, कुठंही न कापलेली प्रत हवी आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यात, देसाईगंज तालुक्यातल्या खेड्यात राहतो. दिवाळी झाली की मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्तानं इकडं रात्र-रात्र नाटकं रंगतात. खडी गंमत (तमाशासारखी इकडची लोककला) करणारी जुनी मंडळीही अजून आहेत. नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांना हा सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचा आहे. तमाशातल्या नाचणारीचा पोरगा सोंगाड्या होतो, सिनेमात नाव काढतो, मग राजकारणी त्याच्या विनोदाचा वापर करून घेतात. ही गोष्ट त्यांच्याइतकी कुणाला कळेल? बेर्डेंचं टायमिंग इथंही तेच आहे, पण हसू येता येता घशात अडकतं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. पटकथा-संवाद पुलंचे, गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. तरी लोकांना माहीत नाही याचं फार वाईट वाटतं.

माझ्याकडं बाजारातून आणलेली व्हीसीडी आहे. व्हीसीडीचं चित्रच मुळात ३५२ x २८८ पिक्सेलचं. घरच्या जुन्या टीव्हीवर चालून जातं, पण प्रोजेक्टर लावला की चेहऱ्यांचे चौकोन पडतात. मधु कांबीकरांची लावणी सुरू झाली की पाय कुठं अन् पदर कुठं, काही उमगत नाही. त्यात दुसरी डिस्क मध्येच अडकते. पुसून पाहिली, दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिली, तिथंच थांबते. ऑनलाइन दाखवायचं म्हणावं तर संध्याकाळी रेंज जाते.

तर जाणकारांनी सांगावं: याची डीव्हीडी निघाली होती का, आणि कुणी स्वतः पाहिली असेल तर चित्र नि आवाज कसा आहे? नागपूर-चंद्रपूरकडं जुन्या डिस्का ठेवणारं दुकान माहीत आहे का? सिनेमा एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) आहे, आणि २०२२ पासून पुण्याचं फिल्म संग्रहालयही त्यांच्यातच विलीन झालंय. गावात फुकट खेळ लावायचा तर परवानगीसाठी नेमकं कुणाला लिहायचं? कुणी असा खेळ लावला असेल तर अर्जात काय-काय लिहिलं तेही सांगा.

पेनड्राइव्हवर उतरवलेली प्रत कृपया सुचवू नका. कलावंतांसाठीच खेळ लावायचा, तर तो रीतसरच व्हावा.