‘अंगावरून जाणे’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : गावातल्या आरोग्य शिबिरात मी नोंदी लिहिते. बायका सांगतात, ‘अंगावरून जातंय.’ तक्रारीच्या रकान्यात काय लिहायचं? श्वेतप्रदर की रक्तस्राव?

उत्तर : ताई, दोन्ही असू शकतं. पांढरं जाणं, म्हणजे जुन्या बायकांची धुपणी, आणि लाल जाणं, दोन्हींना हेच बोललं जातं. चारचौघांत बाई रंग सांगत नाही, तेव्हा बाजूला घेऊन आपणच विचारायचं. पांढरं असेल तर वास येतो का, खाज सुटते का, ओटीपोटात दुखतं का? दोन पाळ्यांच्या मध्ये दिसणारा पातळ, बुळबुळीत स्राव आजार नव्हे. ‘हाडं झिजून पांढरं जातं’ या समजापायी कित्येक जणी उगाच धास्तावतात, त्यांना हे स्पष्ट सांगा. लाल असेल तर दिवसाला कापडाच्या किती घड्या भिजतात, गाठी पडतात का ते लिहा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसलं, तर तपासणीला पाठवायला अजिबात उशीर करू नका.

आणखी एक : ‘अंगावरून जाणे’च्या जोडीला ‘अंगावर काढणे’, म्हणजे उपचार न घेता दुखणं सोसत राहणं, हेही ध्यानात हवंच. डॉक्टर दांपत्य राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. बाकीच्यांनी अंगावरच काढलं होतं.

बीडकडून : आमच्याकडे पुढचा शब्द ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय. पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ असं ऐकून येते. ऊसतोडीच्या फडात पाळीच्या दिवशी खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून तीही तयार होते. २०१९ च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘खराब’ म्हणजे काय, गाठ की सूज की साधा संसर्ग, हे तिला कुणी सांगायचं? संसर्ग असेल तर औषधानं बरा होतो.

प्रश्नकर्ती : मग रकान्यात तिचे शब्द जसेच्या तसे लिहीन, आणि पुढे रंग, वास, दुखणं, किती दिवसांपासून. पिशवी काढायला सांगितलंय का, हेही विचारेन.